आठव्या अनुसूचीत नाव आहे, मग निकाल मराठीत का नाही?

साक्री तालुक्यातून एका वाचकाने विचारलं आहे. प्रश्न लांब आहे, गोषवारा देतो. वडिलोपार्जित जमिनीचा दावा. जिल्हा न्यायालयात यांच्या बाजूने लागला, तो निकाल मराठीत होता आणि घरातल्या सगळ्यांनी वाचला. समोरचे दुसरं अपील घेऊन औरंगाबाद खंडपीठात गेले. तिथला निकाल एकतीस पानांचा, सगळा इंग्रजीत. वडील म्हणतात, 'जिंकलो का हरलो, तेवढी ओळ तरी दाखव.' मराठी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत, आहे, आता अभिजातही झाली, मग निकाल मराठीत मागायचा हक्क नाही का? पुतण्या सांगतो, हिंदी राष्ट्रभाषा आहे, फार तर हिंदीत मिळेल. आणि जाता जाता: गावात अहिराणीला आठव्या अनुसूचीत घ्या म्हणून सह्या गोळा होताहेत. सही करू का? झालंच तर आम्हाला काय मिळेल?

माझी वकिली तीस वर्षांची. त्यातली पहिली बारा खानदेशातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत गेली, नंतर खंडपीठात. त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकातून आलेला नाही. माझ्या टेबलासमोर बसलेल्या पक्षकारांनी तो वेगवेगळ्या शब्दांत पन्नासदा विचारला आहे.

पुतण्याचं आधी मिटवू, ते सोपं आहे. 'राष्ट्रभाषा' हा दर्जा राज्यघटनेने कोणत्याच भाषेला दिलेला नाही. कलम ३४३ सांगतं की संघराज्याची, म्हणजे केंद्र सरकारची, राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी असेल. राजभाषा म्हणजे कारभाराची भाषा, ज्या भाषेत फायलीवर शेरा मारायचा ती. अंक मात्र भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातले, म्हणजे 1, 2, 3 असे, हेही त्याच कलमात आहे, आणि संविधान सभेत या अंकांवरून झालेली भांडणं वाचली तर वाटतं की भाषेवरून कमी वेळ गेला असेल! हे सगळं १४ सप्टेंबर १९४९ रोजी ठरलं. मुन्शी आणि गोपालस्वामी अय्यंगार यांनी काढलेली ती तडजोड होती: हिंदी राजभाषा, पण पंधरा वर्षं इंग्रजी चालू राहील आणि पुढचं संसदेने ठरवावं. 'हिंदी एका मताने जिंकली' असं जे ऐकू येतं, ते संविधान सभेतलं मतदान नव्हे. काँग्रेस पक्षाच्या बैठकीत ७८ विरुद्ध ७८ अशी बरोबरी झाली आणि पुढच्या खेपेला ७८-७७ ने निकाल लागला, असं बाबासाहेबांनी १९५५ साली लिहून ठेवलं आहे.

पंधरा वर्षं २६ जानेवारी १९६५ ला संपत होती. त्याच्या आधीच १९६३ चा राजभाषा अधिनियम आला, १९६५ मध्ये हिंदीविरोधी आंदोलनात मद्रास पेटलं, आणि १९६७ च्या दुरुस्तीने इंग्रजीला असं कुलूप लागलं की ज्या राज्यांनी हिंदी स्वीकारलेली नाही त्या सगळ्यांच्या विधिमंडळांनी आणि नंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केल्याशिवाय ते उघडत नाही. २०१० मध्ये गुजरात उच्च न्यायालयापुढे मागणी आली होती की पाकीटबंद मालावरचा तपशील हिंदीत छापणं सक्तीचं करा, कारण ती राष्ट्रभाषा आहे. न्यायालय म्हणालं, पुष्कळ लोक तसं मानतात हे खरं, पण तसं जाहीर करणारी तरतूद आमच्यापुढे कोणी दाखवलेली नाही. पुतण्याला एवढं पुरे.

आता तुमचा मूळ प्रश्न. यात गोंधळ आहे तो चार वेगळ्या गोष्टी एकच समजल्याने: अनुसूचीत असणं, अभिजात असणं, राज्याची राजभाषा असणं, आणि न्यायालयाची भाषा असणं.

अभिजात दर्जा राज्यघटनेत कुठेच नाही. तो केंद्र सरकारने २००४ साली तमिळपासून सुरू केलेला प्रशासकीय दर्जा आहे. मराठीसाठी रंगनाथ पठारे समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. त्याच दिवशी पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीलाही तो मिळाला. यातल्या पाली आणि प्राकृत आठव्या अनुसूचीत नाहीत. म्हणजे या दोन याद्यांचा एकमेकींशी संबंध नाही हे त्या एकाच दिवसात दिसतं. अभिजात दर्जातून संशोधन, अध्यासनं, पुरस्कार अशा गोष्टींना वाट मिळते. तुमच्या अपिलाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आठवी अनुसूची मात्र घटनेत आहे, आणि तिच्याबद्दलचा समज सर्वात फुगलेला आहे. घटनेची प्रत काढून बघा: या अनुसूचीचं नाव घेणारी कलमं दोनच सापडतात. एक ३४४, ज्यात राजभाषा आयोगावर या भाषांचे प्रतिनिधी असावेत असं आहे. हा आयोग १९५५ साली आपल्या बाळासाहेब खेरांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. दुसरं ३५१, ज्यात हिंदीचा विकास करताना या भाषांची रूपं, शैली, शब्द घ्यावेत आणि शब्दसंग्रहासाठी मुख्यतः संस्कृतकडे जावं असं सांगितलं आहे. बस, एवढंच. म्हणजे मराठीचं नाव त्या यादीत पडलं ते, घटनेच्या अक्षरशः अर्थाने, हिंदीला शब्द पुरवण्यासाठी! मूळ यादी चौदा भाषांची होती. १९६७ मध्ये सिंधी आली. १९९२ मध्ये कोकणी, मणिपुरी, नेपाळी. २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली, संथाळी. आज बावीस. इंग्रजी त्यात नाही, तरी देश तिच्यातच कारभार करतो.

यादीत शिरायचे निकष काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. १९९६ ची पाहवा समिती आणि २००३ ची सीताकांत महापात्र समिती यांनी निकष बसवायचा प्रयत्न केला, ते पक्के झाले नाहीत. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१ आहेत आणि ती यादीत आहे. भिली-भिलोडी सांगणारे एक कोटी चार लाख आहेत आणि ती नाही. बोडो आली ती फेब्रुवारी २००३ च्या बोडो करारात तसं कबूल केलं होतं म्हणून. संख्या, साहित्य, लिपी ही कारणं निवेदनात लिहायची असतात. दार उघडतं ते राजकीय वजनाने. खिशातली नोट काढून बघा, मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे. तीत सिंधी नाही, मैथिली नाही, संथाळी नाही. यादीत असून नोटेवर नाही, आणि या सगळ्याचा तुमच्या निकालाशी संबंध नाही.

मग संबंध कशाचा? कलम ३४८ चा. ते म्हणतं की संसद कायद्याने दुसरी तरतूद करेपर्यंत सर्वोच्च न्यायालयाचं आणि प्रत्येक उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालेल, आणि कायदे, नियम, आदेश यांचा अधिकृत पाठ इंग्रजी असेल. त्यातच एक खिडकी ठेवली आहे: राष्ट्रपतींची आधी संमती घेऊन राज्यपाल त्या राज्यातल्या उच्च न्यायालयाच्या कामकाजात हिंदी किंवा राज्याची राजभाषा वापरायला परवानगी देऊ शकतात. पण घटनेतली ही खिडकी युक्तिवादापुरतीच, निकाल आणि हुकूमनाम्यासाठी नाही. निकालांसाठी राजभाषा अधिनियमाच्या कलम ७ मध्ये वेगळी सोय आहे, आणि तिथेही सोबत इंग्रजी भाषांतर जोडायची अट आहे.

ही खिडकी उघडलेली उच्च न्यायालयं चार: राजस्थान १९५०, अलाहाबाद १९६९, मध्य प्रदेश १९७१, पाटणा १९७२. चारही ठिकाणी हिंदी. १९६५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने ठरवलं की असा प्रस्ताव आला तर सरन्यायाधीशांचं मत घ्यायचं. पुढे तमिळनाडू, गुजरात, पश्चिम बंगाल, कर्नाटक अशांचे प्रस्ताव गेले, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायाधीशांच्या बैठकीने ते नको म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजीच आहे, औरंगाबाद, नागपूर, गोवा सगळीकडे. १९७० साली सर्वोच्च न्यायालयात समाजवादी नेते राजनारायण हिंदीतच बोलणार म्हणून अडून बसले होते. इंग्रजीत बोला, नाहीतर वकील द्या, नाहीतर लेखी द्या, असे तीन पर्याय दिले. एकही मानला नाही तेव्हा न्यायालयाने त्यांना म्हणणं मांडायला दिलेली परवानगीच काढून घेतली.

यावर माझं स्वतःचं मत विचाराल तर ते गुळमुळीत आहे, आणि मी ते लपवत नाही. उच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींची बदली परप्रांतात होते. मराठी न जाणणारे न्यायमूर्ती समोर असले की सातबारा, फेरफार, वाटणीपत्र यांचं इंग्रजी भाषांतर जोडून मी वर्षानुवर्षं काम केलं आहे, आणि त्यातल्या काहींनी दिलेला न्याय आपल्याकडच्यांपेक्षा सरस होता. उद्या निकाल मराठीत सक्तीचे झाले तर हे न्यायमूर्ती येणार नाहीत. पण ज्याची जमीन गेली त्याला ती का गेली हे वाचता येऊ नये, हेही मला पटत नाही. मधला मार्ग सरळ आहे: निकाल इंग्रजीत लिहा, पण पक्षकाराला मराठी प्रत द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून 'सुवास' नावाची यंत्रभाषांतराची व्यवस्था आणली आहे, आणि निवडक निकाल मराठीत संकेतस्थळावर येतात. त्यावर 'कायदेशीर कामासाठी इंग्रजी प्रतच ग्राह्य' अशा अर्थाची सूचना असते. निवडक म्हणजे गाजलेले. बांधावरून झालेल्या दुसऱ्या अपिलाचा नंबर त्यात क्वचितच लागतो.

खालच्या न्यायालयांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, आणि इथे तुमचे खरे हक्क आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३७ प्रमाणे उच्च न्यायालयाखालच्या न्यायालयांची भाषा राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्राने १९९८ च्या अधिसूचनेने ती मराठी ठरवली आहे. त्याच कलमात पुढे असं आहे की साक्षीची नोंद सोडून बाकी लिखाण इंग्रजीत करायला मुभा आहे, पण पक्षकाराला किंवा त्याच्या वकिलाला इंग्रजी येत नसेल तर विनंती केल्यावर न्यायालयाच्या भाषेत भाषांतर द्यावं लागतं. ही विनंती कोणी करत नाही! वकिलाला इंग्रजी येतं, पुरसीस, म्हणजे न्यायालयाला द्यायचं छोटं लेखी निवेदन, द्यायची घाई असते, पक्षकार बाहेर बाकावर बसलेला असतो. फौजदारीतही तसंच: तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत फुकट मिळते, आणि त्याने मागितलं तर शक्य असेल तिथे त्याच्या भाषेत किंवा न्यायालयाच्या भाषेत.

या बाबतीत मला सगळ्यात आवडणारा खटला आपल्याच राज्यातला आहे. १९६१ साली नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हरिकिसन नावाच्या माणसाला प्रतिबंधक स्थानबद्धतेत टाकलं. कारणांचा कागद इंग्रजीत. तो म्हणाला, मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या. सरकार म्हणालं, आमची राजभाषा इंग्रजी आहे, आणि पोलीस अधिकाऱ्याने तुला तोंडी समजावून सांगितलंय की. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६२ मध्ये न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली. घटनेच्या कलम २२ प्रमाणे कारणं 'कळवायची' असतात, आणि माणसाला न कळणाऱ्या भाषेतला कागद हातात ठेवणं म्हणजे कळवणं नव्हे. तोंडी सांगणंही पुरत नाही, कारण त्याला त्यावर लेखी बाजू मांडायची आहे. त्या निकालात आठवी अनुसूची नाही, राजभाषा नाही, अस्मिता नाही. ऐकणाऱ्याला समजलं का, एवढाच प्रश्न न्यायालयाने विचारला. माझ्या तीस वर्षांत भाषेच्या बाबतीत पक्षकाराला जेव्हा जेव्हा काही मिळालं, ते याच प्रश्नाच्या वाटेने मिळालं.

भाषांतर मिळालं तरी इंग्रजी पाठाला चिकटून राहावं लागतं, याचं कारणही सांगतो, कारण पुढे तुम्ही मराठी प्रत काढून घ्याल आणि तिच्यावर भिस्त ठेवाल. बिहारच्या अनुसूचित जमातींच्या यादीत इंग्रजीत 'लोहारा' होतं, हिंदी भाषांतरात ते 'लोहार' झालं, आणि लोहार समाजाने जमातीचे दाखले मागितले. १९९६ मध्ये नित्यानंद शर्मा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, फरक पडला तर इंग्रजी पाठ खरा. आपल्याकडे 'धनगड' आणि 'धनगर' यांच्यामधल्या एका अक्षराने किती आंदोलनं झाली ते तुम्ही पाहिलंच आहे. यादीतल्या 'ओरांव, धनगड' या नोंदीतला धनगड म्हणजेच धनगर, हा दावा मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला. ड आणि र यांच्यात एका समाजाचं आरक्षण अडकलं आहे.

आता अहिराणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

वकिलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाटपाच्या दाव्यात एक म्हातारी साक्षीला आली. मयताला मुलं किती, असा प्रश्न. ती म्हणाली, एक आंडोर, दोन आंडेर. एक मुलगा, दोन मुली. टंकलेखक बाहेरच्या जिल्ह्यातून नुकता बदलून आलेला. त्याने 'तीन आंडोर' लिहिलं, आणि साक्ष वाचून दाखवली तेव्हा म्हातारीने मान हलवली, कारण कोर्टात मान हलवायची असते. उलटतपासात आम्हाला तो घोळ निस्तरायला दोन तारखा लागल्या, तेही समोरचे वकील शिरपूरचे आणि सज्जन होते म्हणून. न्यायालयाची भाषा मराठी होती. साक्षीदाराची भाषा मराठीच आहे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. न्यायालयात दुभाषा मागायचा हक्क होता, पण खानदेशातल्या बाईसाठी मराठी न्यायालयात दुभाषा मागायचा, हे मला त्या वयात सुचलंसुद्धा नाही.

तर सही करू का? करा. पण दोन गोष्टी माहीत असू द्या.

पहिली, जनगणना अहिराणीला मराठीच्या पोटात धरत नाही. २०११ मध्ये 'खानदेशी' अशी स्वतंत्र नोंद आहे, अहिराणी तीत मोजतात, अनुसूचीबाहेरच्या भाषांमध्ये, आणि बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार. बोडोपेक्षा जास्त. हे ऐकून साक्रीतले निम्मे लोक चकित होतील, कारण त्यांनी स्वतः प्रगणकाला 'मराठी' सांगितलं असणार. उलट भोजपुरी पाच कोटींवर लोकांची, राजस्थानी अडीच कोटींवर लोकांची, तरी त्या हिंदीच्या आकड्यात जमा होतात. पुढच्या जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात काय सांगायचं ते घरात आधी ठरवून ठेवा. प्रगणक स्वतःहून 'मराठीच ना?' म्हणतो आणि आपण 'हो' म्हणतो. सह्यांच्या मोहिमेपेक्षा हा रकाना जास्त वजनाचा आहे.

दुसरी गोष्ट मोहीमवाल्यांना सांगा. दिल्लीच्या दारात जायच्या आधी मुंबईचं दार आहे, आणि ते जास्त उपयोगाचं आहे. कलम ३४५ प्रमाणे राज्याचं विधिमंडळ राज्यात वापरात असलेली कोणतीही एक किंवा अनेक भाषा राजभाषा म्हणून स्वीकारू शकतं. ती आठव्या अनुसूचीत असावी अशी अट नाही. त्रिपुराने १९७९ मध्ये कोकबोरोकला राजभाषा केलं. ती आजही अनुसूचीत नाही. मिझोराममध्ये मिझो, मेघालयात खासी आणि गारो, हीच गोष्ट. सिंधी १९६७ पासून अनुसूचीत आहे, पण कोणत्याही राज्याची राजभाषा नाही. कोकणीचा प्रवास तर आपल्या डोळ्यांसमोरचा. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ च्या फेब्रुवारीत गोव्याच्या विधानसभेने देवनागरी लिपीतली कोकणी राजभाषा केली आणि मराठीच्याही वापराची तरतूद त्याच कायद्यात ठेवली, आणि अनुसूचीत ती आली १९९२ मध्ये. राज्य आधी, दिल्ली नंतर. नेपाळीचंही सिक्कीममध्ये असंच झालं. गोव्यात त्या तडजोडीवरून दोन्ही बाजूंची मनं अजून दुखावलेली आहेत, रोमी, म्हणजे रोमन, लिपीत कोकणी लिहिणाऱ्यांची तर वेगळीच. तरी गोव्याच्या सचिवालयात मराठीत अर्ज देता येतो, हे त्या एका पोटकलमाने साधलं.

महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. त्यात मराठी आहे, आणि ती असावीच. दुसऱ्या भाषेला जागा दिली म्हणजे मराठीची कमी झाली, असं जे वाटतं त्याबद्दल एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचण्यासारखा आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूत नाव होतं. एका माजी नगरसेविकेने ते काढा म्हणून दावा लढवला. न्यायालयाने सांगितलं, स्थानिक संस्थांच्या राजभाषेचा २०२२ चा कायदा मराठी वापरायला सांगतो, सोबत दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही. मराठी आहे ना फलकावर? मग झालं.

अनुसूचीत गेल्यावर अहिराणीला काय मिळेल ते मी कमी करून सांगणार नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत त्या भाषेत उत्तरं लिहिण्याची आणि तिचं साहित्य घेण्याची वाट खुली होऊ शकते. १९७३ च्या कायद्याने केंद्रीय कायद्यांची अनुसूचीतल्या भाषांमधली भाषांतरं राजपत्रात येऊन अधिकृत ठरू शकतात. राज्यसभेत २०१८ पासून बावीसही भाषांचे दुभाषे आहेत. आणि २०२० मध्ये प्रकल्पांच्या पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यमापनाचे नवे नियम करताना ज्या मसुद्यावर हरकती मागवल्या तो फक्त इंग्रजी-हिंदीत होता, तेव्हा जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनुसूचीतल्या सर्व भाषांत भाषांतर करा असा आदेश दिला. तिथे मला यादीचं खरं मोल दिसलं: सरकारला 'लोकांच्या भाषेत सांगा' म्हणायचं तर कोणत्या भाषा, याचं तयार उत्तर न्यायालयाला ती यादी देते. भिलीत बोलणाऱ्या एक कोटी लोकांना मात्र त्या आदेशातून काहीच मिळालं नाही, आणि धरण किंवा खाण त्यांच्याच रानात येते.

तुमच्या भागाला रोजच्या रोज उपयोगी पडतील ती कलमं ३५० आणि ३५०-क. पहिलं म्हणतं, कोणत्याही गाऱ्हाण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. अनुसूचीचं नावही त्यात नाही; म्हणजे तहसीलदारापुढे अहिराणीत अर्ज ठेवलात तर 'भाषा चालत नाही' म्हणून तो परत करता येत नाही. उत्तर त्याच भाषेत येईल अशी हमी मात्र नाही. दुसरं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेत शिकवण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असं ते सांगतं. एका वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं असली तर शिक्षक द्यायचा, हे सूत्र १९४९ पासूनचं आहे. बेळगावातले मराठी लोक ते पाठ म्हणून दाखवतात, कारण त्यांना ते दर काही वर्षांनी पाठ म्हणून दाखवावंच लागतं. अहिराणीसाठी ते कोणी मागून पाहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. साक्रीच्या वरच्या अंगाला भिल आणि कोकणा या आदिवासींच्या वस्त्यांमधली पहिलीची मुलं वर्गात गप्प बसतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, हे तिथल्या कोणत्याही गुरुजींना विचारा. मोहिमेच्या निवेदनात मी असतो तर ही मागणी पहिली लिहिली असती, अनुसूचीची दुसरी.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे. निकालाची पहिली एकोणतीस पानं सोडा. शेवटून दुसरं आणि शेवटचं पान काढा. अपील समोरच्यांचं होतं. तिथे अपील 'डिसमिस्ड' असं लिहिलं असेल तर जिल्हा न्यायालयाचा निकाल कायम, म्हणजे तुम्ही जिंकलात, वडिलांना पेढा द्या. 'अलाउड' असेल तर हरलात. 'रिमांड' शब्द दिसला तर प्रकरण पुन्हा खाली आलं आहे आणि पुढची तारीख बहुधा त्याच परिच्छेदात असते. मग ज्या वकिलांनी खंडपीठात काम पाहिलं त्यांच्याकडे जा आणि दोन पानांचा मराठी गोषवारा लिहून मागा. फी दिली आहे, तो मागायला लाजू नका. पूर्ण भाषांतर हवं असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात करून देणारे असतात. कायद्याचे शब्द त्यांना कळतात ना, हे एक पान करून घेऊन आधी तपासा. आणि हरला असाल तर पहिल्या पानावरची निकालाची तारीख आजच बघा. सर्वोच्च न्यायालयात जायला त्या तारखेपासून नव्वद दिवस मिळतात, आणि मराठी भाषांतर तयार होण्याची वाट पाहिली म्हणून ते दिवस थांबत नाहीत.